जुनी इमारत घेण्याआधी पर्यावरण तपासणी करून घेतली, तिचा अनुभव

पाचपैकी चार तारे देते आहे. एक कशासाठी कापला ते पुढे सांगेनच. पण ही तपासणी झाली नसती तर आज आम्ही तिघं भावंडं अशा जागेचे मालक असतो, जी धड विकताही आली नसती आणि निर्धास्तपणे भाड्यानेही देता आली नसती.

जागा दुमजली होती. खाली दोन गाळे, वर तीन खोल्या, मागे अंगण आणि अंगणात सिमेंटच्या पत्र्यांची शेड. बांधकाम साठ वर्षांच्या आसपासचं. भाडं नियमित येत होतं, आणि मालक सांगत होते तो भाव शेजारच्या जागांपेक्षा बराच कमी होता. मी हिशेब लिहिण्याचं काम करते. त्यामुळे परतावा किती, कर किती, दुरुस्तीसाठी दरवर्षी किती बाजूला ठेवायचे, गाळा सहा महिने रिकामा राहिला तर काय, हे सगळं मी कागदावर मांडलं होतं. दादाने विसाराची रक्कमही काढून ठेवली होती. धाकटी तेवढी म्हणाली, “ताई, इतकी स्वस्त का देतायत ते विचारलंस का?”

विचारलं होतं. मुलं परगावी आहेत, बघणारं कुणी नाही, असं मालकांचं उत्तर होतं आणि ते खरंही होतं. पण धाकटी हटून बसली, म्हणून मी ही तपासणी लावली.

सेवा दोन टप्प्यांत मिळते. पहिल्या टप्प्यात कुठे खणत नाहीत की मातीचा नमुना घेत नाहीत. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, परवान्यांच्या नोंदी, जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळतात, जागा पायी फिरून बघतात, मालकांशी आणि शेजाऱ्यांशी बोलतात. या जागेवर पूर्वी काय चालायचं आणि त्याचं काही जमिनीत उरलं असेल का, एवढाच त्यांचा प्रश्न असतो. उत्तर संशयास्पद आलं तरच दुसरा टप्पा, म्हणजे बोअर मारून माती, पाणी आणि जमिनीतली हवा तपासणं.

तपासनीस बाई पन्नाशीच्या होत्या. जाड तळव्याचे बूट, टॉर्च, भिंतीतली ओल मोजायचं छोटं यंत्र आणि पुठ्ठ्याची वही, एवढंच त्यांच्याकडे होतं. मला वाटलं, आल्या की थेट आत शिरतील. त्या आधी रस्त्याच्या वरच्या टोकापर्यंत चालत गेल्या, तिथून खाली आल्या, आणि इमारतीसमोर उभ्या राहून म्हणाल्या, “वरच्या सगळ्या गल्लीचं पाणी तुमच्या दाराशी येतं. बघा, गटाराची जाळी इथे पायरीच्या वरच्या पातळीला आहे.” मी त्या पायरीवरून चार वेळा वर गेले होते. जाळीकडे एकदाही बघितलं नव्हतं.

आत जिन्याजवळ भिंतीचा खालचा निम्मा भाग नव्याने रंगवलेला होता. मला तो नीटनेटकेपणा वाटला होता. बाईंनी विजेच्या मीटरच्या फळीमागे टॉर्च धरला. तिथे रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता, आणि त्या बोटभर फटीत गुडघ्याच्या उंचीवर एक आडवी तपकिरी रेघ होती. गढूळ पाणी बरेच दिवस साठून ओसरलं की बादलीला जशी राहते, अगदी तशी. तिच्या खाली लोणा लागलेला. त्यांनी नखाने खरवडलं तर गिलाव्यातून पांढरी भुकटी पडली. मग त्यांनी मला गाळ्यातली विजेची बटणं दाखवली. वरच्या मजल्यावर सॉकेट घोट्याजवळ होते, खालच्या गाळ्यांत मात्र सगळे छातीच्या उंचीवर. “हौसेने कुणी सॉकेट वर नेत नाही,” त्या म्हणाल्या. मालकांनी मग कबूल केलं की दोनदा पाणी शिरलं होतं.

इथे मी माझ्या हिशेबातली एक चूक सांगते, कारण ती बरेच जण करत असतील. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ असं नकाशावर लिहिलेलं मी वाचलं होतं आणि मनात म्हटलं होतं की आपल्या हयातीत तर नाही. त्या शब्दांचा अर्थ दरवर्षी एक टक्का शक्यता, एवढाच असतो. काल पूर आला म्हणून पुढची नव्व्याण्णव वर्षं सुटका होत नाही. तीस वर्षांचं कर्ज घेतलं, तर त्या काळात निदान एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता सव्वीस टक्के निघते. म्हणजे चारात एक. शेअर घेताना चारात एक धोका असता तर मी दहा वेळा विचार केला असता, आणि इमारत घेताना मी नकाशा घडी घालून ठेवून दिला होता. शिवाय पुराचा विमा बहुतेक ठिकाणी घराच्या साध्या विम्यात नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि एकदा पाणी शिरल्याची नोंद असली की हप्ता चढतो. तो हप्ता परताव्यातून वजा केल्यावर स्वस्त जागा शेजारच्या जागांइतकीच महाग झाली. हे अजून अंगणात पाऊलही टाकण्याआधी.

अंगणात मागच्या भिंतीला लागून एक लोखंडी नळी होती. दोन बोटं जाडीची, जमिनीतून निघून डोक्यावर हातभर गेलेली, वर छत्रीच्या मुठीसारखी वळवलेली. भाडेकरूंनी तिला कपड्यांची दोरी बांधली होती, म्हणून ती त्यासाठीच असेल असं मी धरून चालले. बाई तिच्यापाशी थांबल्या, वळणाच्या तोंडाशी नाक नेलं, मग खाली वाकून जमीन बघितली. नळीपासून तीन पावलांवर कोब्याचा एक चौकोन बाकीच्यापेक्षा फिकट होता. त्यांनी टाचेने आपटून दाखवलं. आवाज वेगळा आला. “ही हवा जायची नळी आहे. खाली टाकी आहे.”

शेजारच्या आजोबांनी उरलेलं सांगितलं. आधी इथे गॅरेज होतं, त्यांचं स्वतःचं तेल आणि पेट्रोल असायचं. ते बंद झाल्यावर खालच्या गाळ्यात ड्रायक्लीनिंगचं दुकान आलं. “वास यायचा हो, गोडसर. आम्हाला आवडायचा,” आजोबा म्हणाले. बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. पुढे जुन्या डिरेक्टऱ्यांत त्या दुकानाची नोंद सलग एकोणीस वर्षं सापडली.

ड्रायक्लीनिंगचं ऐकून त्यांचा चेहरा का बदलला, ते मी विचारलं. पेट्रोल गळलं तर ते पाण्यापेक्षा हलकं असल्याने भूजलावर तरंगतं, त्यामुळे निदान कुठे शोधायचं ते कळतं. कपडे धुवायला वर्षानुवर्षं वापरलेलं टेट्राक्लोरोइथिलीन मात्र पाण्याच्या दीडपटीहून जड असतं. गळलं की भूजलातूनही खाली उतरत जातं, चिकणमातीचा थर लागेपर्यंत, आणि तिथे साठून राहतं. त्यातून दशकानुदशकं वाफ सुटते, ती कोब्याच्या भेगांतून आणि नळांच्या भोकांतून वर घरात येते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन माणसाला कर्करोग होण्यास बहुधा कारणीभूत अशा गटात ठेवलेलं आहे. दुकान बंद झालं, पाटी उतरली, मालक बदलले, तरी जमिनीत ते तसंच असू शकतं.

पहिल्या टप्प्याच्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. तो एक दिवस आणि मागचा कागदपत्रांचा शोध, यावर मी पाचपैकी पाच देईन.

आता तक्रार. मला वाटलं होतं की ‘पर्यावरण तपासणी’ म्हटलं की सगळं आलं. तसं नसतं. ही तपासणी ज्या धर्तीवर करतात ते अमेरिकेतल्या एएसटीएम संस्थेचं ई १५२७ हे मानक आहे, आणि त्यात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक असे खनिज तंतू), रंगातलं शिसं, रेडॉन हा किरणोत्सारी वायू, बुरशी या गोष्टी मुळात धरलेल्याच नाहीत. पूरसुद्धा नाही. पायरी आणि सॉकेट बाईंनी आपणहून दाखवले, ते अहवालात कुठेच नव्हते. हे काम घेण्याआधी त्या कंपनीने फोनवर सांगायला हवं होतं. मला कळलं अहवालाच्या एकाहत्तराव्या पानावर, तेही ‘कार्यकक्षेबाहेरील बाबी’ अशा मथळ्याखाली. एकतर पान एकाहत्तरावं, त्यात भाषा अशी की तीनदा वाचूनही ‘म्हणजे आम्ही घ्यावी की नाही’ हे समजू नये. आणि ‘आढळून आले नाही’ हे शब्द जिथे जिथे होते, तिथे ‘शोधलंच नाही’ की ‘शोधलं आणि नव्हतं’ हा फरक मला फोन करकरून काढून घ्यावा लागला. एक तारा इथे गेला.

मग त्या चाचण्या वेगळे पैसे भरून करून घेतल्या. शेडच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस निघालं. ते नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही, तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली न्यावा लागतो. पत्रा अखंड असेल आणि त्याला हात लावला नाही तर धोका कमी. तो कापला, भोक पाडलं, फोडला की तंतू हवेत उडतात. म्हणजे माझ्या कागदावर ‘शेड पाडून तिथे पार्किंग’ अशी जी एक ओळ होती, तिचा खर्च मजुरीपुरता राहिला नाही. प्रशिक्षित माणसं, ओले करून काढलेले पत्रे, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठरावीक ठिकाणीच टाकणं, हे सगळं त्यात आलं. जिन्याच्या कठड्यावर रंगाचे सात थर होते आणि तळाच्या थराला मगरीच्या पाठीसारखे चौकोनी तडे. त्यात शिसं निघालं. अमेरिकेत घरांच्या रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, आणि शिशाची अमुक मात्रा निर्धोक असं जागतिक आरोग्य संघटना आजही म्हणत नाही. वरच्या खोलीतलं तीन वर्षांचं पोर तोच कठडा धरून उतरायचं. रेडॉनची डबी तीन महिने ठेवावी लागली. हा वायू जमिनीतल्या युरेनियमच्या विघटनातून येतो, त्याला वास नाही, रंग नाही, मोजल्याशिवाय तो कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने घरासाठी एका घनमीटरमागे १०० बेकेरल (किरणोत्सार मोजायचं एकक) ही पातळी सुचवली आहे. आमचा आकडा तिच्या निम्म्याहून खाली आला. त्या जागेत एवढी एकच बातमी चांगली मिळाली.

दुसरा टप्पा आम्ही मर्यादित केला: अंगणात तीन बोअर आणि पुढच्या गाळ्याच्या कोब्याखालची हवा. प्रयोगशाळेचा निकाल दोन आठवड्यांत म्हणाले होते, पाच लागले. विसाराची मुदत दोनदा वाढवून घ्यावी लागली आणि दर वेळी वकिलांची फी पडली. हाही छुपा खर्चच, आणि तो मी धरला नव्हता.

निकाल आला तो असा: टाकीजवळच्या बोअरमध्ये पेट्रोलचे घटक, आणि गाळ्याखालच्या हवेत टेट्राक्लोरोइथिलीन.

किती खर्च येईल, असं मी विचारलं. बाईंनी दोन आकडे दिले. टाकी काढून आजूबाजूची माती उचलण्यात भागलं तर व्यवहाराच्या रकमेचा विसावा हिस्सा. भूजलापर्यंत गेलं असेल तर त्याच्या पाचपट, वर निरीक्षणाच्या विहिरी आणि कित्येक वर्षं नमुने. “आणि त्याहून जास्त?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, “खणल्याशिवाय मला वरचा आकडा सांगता येणार नाही, आणि जो कुणी सांगेल त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका.” मी इतकी वर्षं हिशेब लिहिते आहे. मोठा खर्च मांडता येतो, तो भावात पाडून मागता येतो, हप्त्यांत बसवता येतो. ज्याला वरची मर्यादाच नाही असा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा? मी ती रात्र त्या कोऱ्या रकान्याकडे बघत काढली.

दादाचं म्हणणं होतं की घाण आपण केलेली नाही, तर निस्तरायची कुणी? प्रश्न रास्त आहे, पण कायदा नेहमी तसं बघत नाही. अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्याने आज जो मालक आहे त्यालाही जबाबदार धरता येतं, प्रदूषण त्याने केलेलं असो वा नसो. खरेदीआधी रीतसर चौकशी केली होती हे दाखवता आलं तर बचावाची वाट असते, आणि अशा तपासण्या रूढ झाल्या त्या मोठ्या प्रमाणात यामुळेच. तो कायदा ज्या प्रकरणानंतर आला ते लव्ह कॅनॉल. नायगारा फॉल्स शहरातल्या एका जुन्या कालव्याच्या खड्ड्यात हूकर केमिकल कंपनीने हजारो टन रासायनिक कचरा पुरला, वर माती ओढली आणि १९५३ साली ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. खरेदीखतात लिहिलेलं होतं की खाली रासायनिक कचरा आहे आणि पुढची जोखीम घेणाऱ्याची. तरी तिथे शाळा झाली, भोवती घरं झाली. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली तेव्हा लोकांच्या तळघरांत ती रसायनं पाझरत होती. हे वाचून मी आमच्या मसुद्याची सगळी पानं पुन्हा काढली. चौदाव्या कलमात होतं: ‘जागा आहे त्या स्थितीत, ज्ञात व अज्ञात दोषांसह.’ पहिल्या वाचनात ते वाक्य मी ओलांडून पुढे गेले होते.

मालकांशी आम्ही बोललो. टाकी आधी त्यांनी काढावी, जमीन स्वच्छ झाल्याचा दाखला आणावा, मग व्यवहार करू, असं म्हटलं. त्यांना ते झेपणारं नव्हतं. त्यांनी भावात चतुर्थांश सूट देऊ केली. दादा डगमगला. मी आणि धाकटीने नाही म्हटलं. तपासणीचे, चाचण्यांचे, वकिलांचे पैसे गेले, साडेपाच महिने गेले, विसार तेवढा परत मिळाला, तोही कलमात ‘समाधानकारक तपासणीच्या अटीवर’ असं धाकटीने घालून घेतलं होतं म्हणून.

पण गुंतवणुकीचा हिशेब तिथे संपला तरी एक गोष्ट उरली. नमुना घेतलेल्या त्या गाळ्यात एक शिंपीकाका बसतात. दिवसाचे दहा तास, मागचं दार बंद करून, कारण तिकडून धूळ येते. बोअरवाले आले तेव्हा त्यांनीच मशिन बाजूला सरकवून जागा करून दिली होती. व्यवहार मोडल्याचं कळल्यावर त्यांनी मला रस्त्यात थांबवलं. “ताई, माझ्या गाळ्याखाली काय सापडलं?” अहवाल पैसे देणाऱ्याचा असतो, त्यामुळे भाडेकरूला तो आपोआप कळत नाही. या सेवेतली ही मला सगळ्यात खटकलेली गोष्ट आहे, आणि ती एकट्या त्या कंपनीची नाही, सगळीकडे रीत तीच आहे. मी अहवालाची प्रत मालकांना दिली आणि भाडेकरूंना सांगायला हवं असा आग्रह धरला. मालक दोन दिवस बोलले नाहीत, मग त्यांनी स्वतःच सगळ्यांना बोलावलं. बाई त्या बैठकीला विनामोबदला आल्या, हे मुद्दाम नोंदवते. काकांना त्यांनी सांगितलं की आजपासून मागचं दार उघडं ठेवा, आणि मालकांना कोब्याखालून हवा ओढणारी नळी बसवायला सांगितली. कोब्याला भोक पाडून नळी खाली सोडतात, वर छपरापलीकडे नेतात आणि तिला बारीक पंखा जोडतात. खालची वाफ खोलीत येण्याऐवजी बाहेर निघून जाते. रेडॉनसाठीही हाच उपाय करतात. जमीन त्याने साफ होत नाही, पण श्वास घेणाऱ्याची सोय लगेच होते.

कुणी ही सेवा घ्यावी? पूर्वी गॅरेज, धुलाई, छपाई, मुलामा देण्याचं काम, पेट्रोलपंप असं काहीही जिथे किंवा ज्याच्या शेजारी होतं, अशी जागा घेणाऱ्याने घ्यावीच. नव्या संकुलातल्या वरच्या मजल्यासाठी एवढं सगळं लागणार नाही, तरी जमीन भराव घालून केलेली आहे का आणि भरावात काय होतं, ते विचारावं. काम ठरवताना कशाकशाची तपासणी होणार नाही, ती यादी आधी लेखी मागावी. आणि ज्या दिवशी तपासनीस येतील त्या दिवशी कामावर रजा टाकून त्यांच्यामागे फिरावं. मला अहवालातून जेवढं कळलं त्याहून जास्त त्या सकाळी कळलं.

गेल्या महिन्यात ब्लाउज शिवायला त्या गाळ्यात गेले होते. मागचं दार उघडं होतं, कोपऱ्यात नळी बसलेली होती, तिच्या पंख्याची अखंड घरघर चालू होती, कोब्यातल्या भेगा बुजवलेल्या होत्या. जिन्याचा कठडा खरवडून नवा करायचं अजून राहिलं आहे. मालकांना मी त्याची पुन्हा आठवण केली आहे.

आमचं दुसऱ्या एका जागेचं बोलणं चाललं आहे. तपासणीसाठी याच बाईंना सांगितलं आहे, या वेळी ॲस्बेस्टॉस, शिसं, रेडॉन आणि पुराच्या खुणा कामाच्या यादीत लिहून घेऊन. तारीख ठरवलेली नाही. जोराचा पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं, असं ठरलं आहे.